वाटणीत आलेली दुनळी

घर वाटता येते. ओसरीच्या मधोमध भिंत घातली की एका घराची दोन घरे होतात. शेताचे बांध पडतात, विहिरीचे पाणी वारांनी वाटले जाते, आणि पितळेच्या हंड्यांचे तर ढीग करून चिठ्ठ्याही टाकता येतात. पण बंदूक मात्र वाटता येत नाही. तिला दोन नळ्या असल्या तरी एक थोरल्याला आणि एक धाकट्याला, असा निवाडा कोणत्याही पंचाला करता आलेला नाही.

आमचे अण्णा गेले तेव्हा त्यांच्या मागे जळगावचे घर राहिले, शिरपूर तालुक्यातल्या गावी थोडी जमीन राहिली, आणि एक दुनळी बंदूक राहिली. घराबद्दल कुणी वाद घातला नाही, जमिनीबद्दलही नाही. बंदुकीचे नाव निघाले आणि तेराव्याच्या पंगतीतच तीन मते पडली. गावाकडचे काका म्हणाले, "ती वाडवडिलांची वस्तू, ती गावच्या वाड्यातच शोभेल." चुलतभावाचा मुलगा म्हणाला, "पुढच्या वैशाखात माझ्या लग्नात तिचा बार निघालाच पाहिजे." आणि माझी ताई, जी त्या घरात सगळ्यांत कमी बोलते, ती म्हणाली, "ती चालते का, आणि चालली तर कुणाला लागते, एवढे आधी मला कुणीतरी सांगा. तोवर मी कशावरही सही करणार नाही."

ताईच्या सहीला महत्त्व होते. बंदुकीचा परवाना हा माणसाचा असतो, बंदुकीचा नव्हे. ज्याच्या नावाचा परवाना तो गेला, की ती बंदूक घरात ठेवण्याचा अधिकारही त्याच्याबरोबर जातो. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते, आणि मग २०१६ च्या नियमांप्रमाणे वारसांपैकी एकाने आपल्या नावाच्या परवान्यासाठी अर्ज करायचा असतो. बाकीच्या वारसांची हरकत नाही, असे त्यासाठी लेखी लागते. आई पूर्वीच गेलेली. म्हणून कायद्याने वारस दोघेच, ताई आणि मी. काकांचा हक्क कागदावर नव्हता. पण कागदावर नसलेला हक्क मनात असतो, आणि तो अधिक दुखतो, हे एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकांना सांगायला नको.

हे नियम पुष्कळांना ठाऊक नसतात. परवानाधारक हयात असतानाही वारसाला बंदूक देता येते. त्याने वयाची ७० वर्षे पुरी केली असली, किंवा ती बंदूक २५ वर्षे बाळगली असली, तर तो आपल्या वारसाचे नाव सुचवू शकतो. नव्या अर्जदाराकडून शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या शिक्षणाचा दाखलाही मागितला जातो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, त्यात वारशाने आलेलीही धरली जाते; परवान्याची मुदत मात्र तीनाची पाच वर्षे झाली. "ती शंभर वर्षांची जुनी आहे, तिला कसला परवाना?" असे काकांनी विचारले. कायदा जुनेपणाला भुलत नाही. जी दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालू शकणार नाही, अशाच पुरातन वस्तूला तो सूट देतो. आमची दुनळी तशी नव्हती, निदान तसे समजायला जागा नव्हती.

आमच्या खानदेशात घरोघरी बंदुकीच्या गोष्टी का असतात, हे समजायला या मुलखाचा भूगोल आठवावा लागतो. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचा डोंगर, मधून तापी आणि तिला मिळणाऱ्या अनेर, पांझरा, गिरणा. १८१९ साली मद्रासच्या फौजेतला कॅप्टन जॉन स्मिथ वाघाच्या शिकारीला निघाला आणि त्याला अजिंठ्याची लेणी दिसली. दहाव्या लेण्यातल्या एका खांबावर त्याने आपले नाव खरडून ठेवले आहे. १८२५ मध्ये जेम्स औट्रम याने खानदेशात भिल्लांची पलटण उभी केली. ज्या भिल्लांशी लढायचे, त्यांनाच त्याने बंदुका दिल्या आणि त्यांच्याबरोबर रानात फिरला. दहा वर्षांत १९१ वाघांच्या शिकारीत त्याचा हात होता, असे त्याच्या चरित्रात नोंदलेले आहे. आज हा आकडा वाचताना शौर्यापेक्षा विषादच अधिक वाटतो. एकेकाळी इतके वाघ ज्या मुलखात होते, तिथे १९६९ मध्ये यावलचे अभयारण्य करून उरलेले रान राखावे लागले.

पुढे १८७८ चा शस्त्र कायदा आला. त्याने हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना सक्तीचा केला आणि गोऱ्या माणसाला त्यातून मोकळे सोडले. त्यामुळे ज्या घरात परवान्याची बंदूक, ते घर सरकारच्या मर्जीतले, अशी एक समजूत गावोगाव रूढ झाली. बंदूक शिकारीपेक्षा दिवाणखान्यात अधिक उपयोगी पडू लागली. भिंतीवर दोन खुंट्यांवर आडवी टांगलेली दुनळी, खाली पगडीतल्या आजोबांची तसबीर. असे दिवाणखाने मी लहानपणी धुळ्याकडे पुष्कळ पाहिले आहेत.

आमच्या घरातली दंतकथा अशी की, संवत् १९५६ च्या, म्हणजे १८९९-१९०० सालच्या मोठ्या दुष्काळात, गुरांमागे गावात शिरलेला वाघ आमच्या पणजोबांनी याच दुनळीने मारला, आणि कलेक्टर साहेबाने खूश होऊन परवाना दिला. काका ही गोष्ट सांगू लागले की त्यांचा आवाज बदलतो. मी ती इतक्या वेळा ऐकली आहे की तो वाघ मला घरातल्यासारखाच वाटतो.

अण्णांच्या जुन्या परवान्यावर बंदुकीचे वर्णन चार इंग्रजी अक्षरांत होते: डी. बी. बी. एल. दोन नळ्यांची, मागून भरायची, एवढाच त्याचा अर्थ. तोंडाकडून दारू ठासायची बंदूक असेल तर शेवटची दोन अक्षरे एम. एल. अशी येतात. पुढे '१२ बोर' आणि एक क्रमांक. बारा बोर म्हणजे काय, हे मला त्या दिवसापर्यंत कुणी सांगितले नव्हते. एक पौंड शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल, ती बारा बोरची नळी. तिचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर भरतो. म्हणूनच वीस बोरची नळी बारा बोरपेक्षा बारीक असते. आकडा वाढतो तसे भोक लहान होते.

बंदूक ज्या विक्रेत्याकडे जमा केली होती, तिथे एक वयोवृद्ध मिस्त्री कामाला होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. ताईला घेऊन मी तिथे गेलो, आणि काकाही हट्टाने आले. चाचांनी बंदूक हातात घेतली ती नळ्यांची तोंडे भिंतीकडे करून. खटका सरकवून ती मधोमध मोडली, दोन्ही नळ्यांत डोळा घालून पाहिले, मग करंगळीने चाचपून पाहिले, आणि मगच बोलायला तोंड उघडले. मला एकदम अण्णांची आठवण झाली. अण्णा घरात अहिराणी क्वचित बोलत. पण बंदुकीच्या बाबतीत त्यांचे एकच वाक्य होते आणि ते अहिराणीतच होते. "पहिले उघाडीसन दाखाड, मंग बोल." बंदूक रिकामी आहे, असे सांगणाऱ्याचा त्यांनी कधी विश्वास धरला नाही, मग तो फौजदार का असेना.

दोन नळ्यांमधल्या पट्टीवर मुंबईच्या एका दुकानाचे नाव होते. "हे नाव विकणाऱ्याचे," चाचा म्हणाले, "बनवणाऱ्याचे नव्हे." त्या काळी मुंबई-कलकत्त्याच्या पेढ्या विलायतेहून बंदुका मागवीत आणि त्यांवर आपले नाव कोरून घेत. बंदुकीची खरी जन्मपत्रिका नळ्यांच्या खाली, पोलादाच्या सपाटीवर असते. ती पाहायला नळ्या दस्त्यापासून सोडवाव्या लागतात. चाचांनी पुढचा लाकडी तुकडा काढला, नळ्या सोडवल्या, पालथ्या केल्या आणि भिंग ताईच्या हातात दिले.

नखाएवढे ठसे होते. मुकुटाखाली बी. पी., मुकुटाखाली बी. व्ही., आणि मुकुटाखाली एन. पी. विलायतेत बंदूक विकण्याआधी सरकारमान्य चाचणीघरात नेहमीपेक्षा जास्त दारूचा बार भरून ती उडवून पाहतात. टिकली तर हे ठसे मारतात. 'बी' म्हणजे बर्मिंगहॅम. एन. पी. म्हणजे धूर न करणाऱ्या नव्या दारूची चाचणी पार पडली. हे तीन ठसे अशा रूपात बर्मिंगहॅमला १९०४ मध्ये सुरू झाले. त्यांच्या शेजारी शंकरपाळ्यासारख्या चौकटीत १२ आणि सी ही खूण होती, पण चेंबरची लांबी इंचांत लिहिलेली नव्हती. ती लिहिण्याची पद्धत १९२५ च्या नियमांपासून आली. म्हणजे बंदुकीचा जन्म १९०४ च्या नंतरचा आणि १९२५ च्या आतला. बेल्जियमची असती तर मुकुटाखालच्या लंबगोलात ई. एल. जी. ही अक्षरे दिसली असती.

ताईने भिंग खाली ठेवले आणि बोटांवर हिशेब केला. "काका, दुष्काळ १९०० चा. बंदूक त्यानंतर निदान चार वर्षांनी झाली."

काका काही बोलले नाहीत. दुकानात भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. शेवटी ते म्हणाले, "मग वाघ कशाने मारला?"

त्या प्रश्नात रागापेक्षा केविलवाणेपणाच जास्त होता. चाचांनीच त्यांना सावरले. त्या काळी गावात ठासणीच्या बंदुकाच बहुतेक असत, ते म्हणाले. पणजोबांनी वाघ मारलाच नाही, असे हे ठसे म्हणत नाहीत. या बंदुकीने मारला नाही, एवढेच म्हणतात. काकांना ते पटले की नाही, ठाऊक नाही. पण घरी परत येताना गाडीत त्यांनी तीच गोष्ट पुन्हा सांगितली, आणि या वेळी पणजोबांच्या हातात ठासणीची बंदूक होती.

नंतर ताईच्या मुख्य प्रश्नाकडे वळावे लागले. ती चालते का? चाचांनी नळ्या एका बोटावर टांगून दुसऱ्या हाताने लाकडी मुठीचा हलका ठोका दिला. देवळातल्या घंटेसारखा लांब नाद निघाला. मधली पट्टी कुठे सुटली असती तर आवाज बद्द आला असता. मग नळ्या उजेडाकडे धरून आतून पाहिल्या. चांगल्या नळीत प्रकाशाची कडी एकमेकांत नीट गोल बसलेली दिसतात. कुठे पोचा असेल तर तिथे कडे वाकडे होते. डाव्या नळीत गंजाचे बारीक खड्डे होते. जाडी मोजली ती मात्र ठीक भरली. आमच्या घरात या नळ्या 'दमास्कस'च्या म्हणून ख्याती होती. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, वेटोळी घालून केलेल्या त्या नळ्यांवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसते. आजच्या दारूच्या काडतुसांना तशा जुन्या नळ्या भरवशाच्या नसतात. आमच्या नळ्यांवर तशी नक्षी नव्हती. त्या साध्या पोलादाच्या निघाल्या. दस्त्याच्या मनगटाशी आजोबांनी तांब्याची तार गुंडाळली होती. आम्ही ती शोभेची समजत होतो. तार सोडल्यावर खाली बोटभर लांबीची चीर दिसली.

काकांनी खिशातून एक काडतूस काढले. विक्रेत्याकडूनच त्यांनी ते पाहायला घेतले होते. "बसते ना? मग चालते," ते म्हणाले. आणि खरोखरच ते चेंबरमध्ये अलगद बसले.

इथेच फसगत आहे, आणि ज्यांच्या घरी अशी वडिलोपार्जित दुनळी असेल त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. त्या काळच्या विलायती बारा बोर बंदुकांची चेंबरे बहुधा अडीच इंचांची, म्हणजे ६५ मिलिमीटर काडतुसाची असत. आज बाजारात दिसतात ती काडतुसे ७० मिलिमीटरची. पण काडतुसावर जी लांबी छापतात ती उडाल्यानंतरच्या नळकांड्याची असते. भरलेल्या काडतुसाचे तोंड दुमडलेले असल्याने ते आखूड असते, म्हणून जुन्या चेंबरमध्ये सहज बसते. चाप ओढला की ती दुमड उलगडते, पुढच्या निमुळत्या जागेत शिरते, छर्‍यांची वाट अडते, आणि दाब वाढतो. तो दाब नळीच्या ज्या भागावर येतो, त्याच्या खालीच आपला डावा हात असतो. शिवाय आमच्या नळ्यांवर एक पूर्णांक एक अष्टमांश औंस छर्‍यांपुरतीच कसोटी कोरलेली होती. त्याहून जड बार तिला कुणी विचारलाच नव्हता.

चाचांनी आणखी एक गोष्ट सांगितली. घरात बारा आणि वीस अशा दोन्ही बोरांची काडतुसे कधी एकत्र ठेवू नयेत. वीस बोरचे काडतूस चुकून बारा बोरच्या नळीत टाकले तर ते आत सरकून पुढे अडकते. चेंबर रिकामे दिसते. माणूस मागून दुसरे काडतूस भरतो, आणि नळी फुटते. म्हणूनच वीस बोरच्या काडतुसाचा रंग पिवळा ठेवण्याची पद्धत पडली आहे.

"मग शेवटचे काय ते सांगा," ताई म्हणाली.

"बाई, ही चालेल," चाचा म्हणाले, "पण चालवायची नाही."

लग्नातल्या बाराचा प्रश्न त्या एका वाक्याने सुटायला हवा होता. पण चुलतभावाच्या मुलाची समजूत घालायला ताईला कायदाच सांगावा लागला. २०१९ पासून आनंदोत्सवात बंदूक उडवून लोकांचे जीव धोक्यात घालणे हा वेगळा गुन्हा ठरला आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुलगा थोडा वेळ रुसला. ताई त्याला म्हणाली, "मांडवात तुझी आजी पुढच्या खुर्चीवर बसणार आहे. वर उडवलेले काहीतरी खाली येतेच रे." त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही.

काकांचे दुःख निराळे होते. केळीच्या बागेत आणि मक्यात रानडुकरे शिरतात, एका रात्रीत खोडे लोळवतात. शेतकऱ्याने मग करायचे काय? या प्रश्नाची थट्टा करता येणार नाही. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बांधली, आणि १९९१ च्या दुरुस्तीने उरलेसुरले शिकारीचे परवानेही गेले. पिकाचे नुकसान करणाऱ्या जनावराविरुद्धही वनखात्याच्या परवानगीवाचून हत्यार उचलता येत नाही. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. आणि अंधारात, चिरलेल्या दस्त्याची शंभर वर्षांची बंदूक घेऊन सत्तरीच्या माणसाने डुकरामागे जावे, हे काकांच्या सुनेलाही पटले नाही. तिने नुकसानभरपाईचा अर्ज करायचे काम आपल्याकडे घेतले.

अखेर ताईने सही केली. परवाना माझ्या नावाने व्हायचा होता, म्हणून अटी तिने घातल्या आणि मी त्या कागदावर लिहून घेतल्या. नळ्या एका कपाटात, दस्ता दुसऱ्यात, दोन्हींना कुलूप, किल्ल्या निरनिराळ्या. घरात एकही काडतूस नाही. निवडणुकीच्या वेळी ठाण्यात जमा करण्याची सूचना आली की कुरकुर न करता जमा करायची. अण्णाही तसेच करीत आणि पावती गीतेच्या पोथीत ठेवीत. आणि घरातल्या प्रत्येक मुलाला, मुलींनाही, मोठ्या माणसासमोर ती उघडून पाहायला शिकवायचे. लपवलेल्या वस्तूची उत्सुकता अधिक, आणि बंदुकीच्या बाबतीत उत्सुकता फार महाग पडते, हे तिचे म्हणणे.

वर्षातून एकदा, खंडेनवमीला, ती बाहेर निघते. काका त्या दिवशी गावाहून येतात. विळा, कोयता, ताईचे शिवणयंत्र, माझे जुने टंकलेखनयंत्र यांच्या शेजारी पाटावर दुनळी मांडली जाते. मोडलेली, म्हणजे उघडी, दोन्ही नळ्या रिकाम्या दिसतील अशी. पूजेला बंदूक उघडी ठेवणे काकांना पहिल्या वर्षी अशुभ वाटले. आता हळदकुंकू वाहण्याआधी तेच नातीला जवळ बोलावतात आणि सांगतात, "आधी आतून बघ." ती एक डोळा मिटून नळीत पाहते. पलीकडे खिडकी दिसते, खिडकीत सदाफुलीचे झाड दिसते. मग काका तिला वाघाची गोष्ट सांगतात, ठासणीच्या बंदुकीची. तीत आता वाघ पूर्वीपेक्षा थोडा मोठा झाला आहे, आणि त्याला आमच्यापैकी कुणाचीही हरकत नाही.